पेशन्सच्या दगडाचा कोपरा

१

"मावशी, तो गेला. कुणीतरी उचलून नेला!"

नैनाचा फोन आला तेव्हा मी गाडीवरचं पोलन धूत होते. एप्रिलमध्ये हर्नडनची झाडं सगळ्या गावावर पिवळी भुकटी ओततात आणि मी शिंकत शिंकत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असते. पण त्या पोरीचा आवाज ऐकला आणि पाइप तसाच लॉनवर टाकला. "कशाला हात लावू नकोस, आलेच," म्हटलं आणि ओल्या चपलांनीच गाडीत बसले.

मी सुलेखा, मूळची नागपूरची. इकडे एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासण्यात माझी हयात गेली. कुणाचं घर खरंच जळलं आणि कुणी जाळलं, हे ओळखायचं काम. रिटायर झाले तरी खोड जात नाही. महाराष्ट्र मंडळात काही हरवलं की पहिला फोन मलाच येतो. मागच्या गणपतीत हरवलेलं मंगळसूत्र मी तबल्याच्या खोळीतून काढून दिलं होतं. पण हे प्रकरण तसं नव्हतं.

नैना ऑडली कुटुंबाच्या जुन्या दफनभूमीत गुडघे टेकून बसली होती. टाउनहाउसांच्या मागे झाडीत दडलेली पन्नासेक थडगी, भोवती लोखंडी कुंपण, जमिनीवर सगळीकडे व्हिंकाचा निळ्या फुलांचा वेल. कुंपणापलीकडे डेटा सेंटरची बिनखिडक्यांची पांढरी भिंत. तिथला घूं घूं आवाज कधी थांबत नाही.

नैनाच्या पुढ्यात पेशन्स ऑडलीचा दगड होता. उभा, काळवंडलेला, खालचा उजवा कोपरा तुटलेला. पाटाएवढा भाग नाहीसाच. वरती वाचता येत होतं: पेशन्स, जॉन ऑडलीची कन्या. पुढचं सगळं त्या कोपऱ्याबरोबर गेलेलं.

"इथे होता, मावशी. आईने इथेच ठेवला होता, या दगडाच्या पायाशी."

नैनाची आई म्हणजे आमची एली. माझा जुना मित्र श्रीरंग, साताऱ्याचा गडी, त्याने पंचवीसेक वर्षांपूर्वी एली क्रूशी लग्न केलं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या कोळसा खाणकामगाराची ही मुलगी. मंडळात आली की जमिनीवर मांडी घालून पुरणपोळी खायची, आणि आम्ही सगळे तिला एलीवहिनी म्हणायचो. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं, "आपण साधेसुधे नाही गं, ऑडलींच्या मुलीचे वंशज आहोत." ऑडली म्हणजे सतराव्या शतकात जहाजातून जेम्स नदीकाठी उतरलेलं घराणं. त्यातला एक पणतू इकडे वर सरकला, आणि पेशन्स ही त्याची मुलगी. पण ऑडली कुटुंबाची जी संस्था आहे, ती म्हणायची की आमच्या कुठल्याही मुलीने कुणा क्रूशी लग्न केल्याचा पुरावा नाही. पुरावा असणार कुठून? कोर्टातले कागद यादवी युद्धात जळून गेलेले.

एलीने वर्षानुवर्षं शोध घेतला. दोन वर्षांपूर्वी तिला या वेलाखाली तुटक्या कोपऱ्याचा एक तुकडा सापडला. अक्षरं इतकी झिजलेली की नुसत्या डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. टॉर्च आडवा धरला की मात्र उमटायची: सॅम्युएल क्रूची पत्नी. तिने फोटो काढला, नोकरीसाठी सांता क्लाराला असलेल्या नैनाला पाठवला आणि तुकडा पालथा करून जागच्या जागी ठेवला. 'आपला नाही, त्यांचा आहे,' म्हणाली. मग संस्थेला कळवायच्या आधीच कॅन्सर निघाला. मार्चच्या सुरुवातीला एली गेली. जाताना तिने मुलीकडे एकच मागितलं: माझी राख पेशन्सच्या पायाशी पुरा.

तिथे फक्त सिद्ध झालेल्या वंशजांनाच जागा मिळते. शनिवारी संस्थेची वार्षिक सभा होती आणि नैनाने त्यासाठीच अर्ज केला होता. फोटो चालणार नव्हता. गेल्या वर्षी कुणीतरी एआयने बनवलेल्या थडग्याचा फोटो दाखवून संस्थेला फसवलं होतं. त्यांना तुकडा हातात हवा होता, आणि तो तुटक्या कडेला बसतो का ते बघायचं होतं.

"हे कुणी केलंय ते मला माहितीये," नैना डोळे पुसत म्हणाली. "लेटी. त्यांची सेक्रेटरी. शी हेट्स अस. मी तिला आत्ताच ईमेल केलीये की तूच चोर आहेस. सगळ्या कमिटीला सीसी केलंय."

"अगं बाई! मला विचारायचं तरी!"

पण ईमेल गेली ती गेलीच.

२

लेटी ऑडली ऐंशीच्या घरातली, ताठ मानेची बाई. पोर्चवर वॉकर शेजारी ठेवून बसली होती. तिने मला आइस टी दिला, पण बस म्हणाली नाही. ती अर्थात इंग्रजीत बोलली, मी माझ्या मराठीत सांगते.

"माझ्या घराण्याने या गावात चर्च बांधलं. आणि ती पोरगी मला चोर म्हणते?"

"पोरीची आई गेलीये. चुकली ती," मी म्हटलं.

"दुःख झालं म्हणून वाटेल ते बोलायचा परवाना मिळत नाही. शनिवारी ही ईमेल मी सभेपुढे वाचणार आहे. तोवर चोर सापडला नाही, तर तिच्या आईची राख त्या फाटकातून आत येणार नाही. मी हयात आहे तोवर तरी नाही."

झालं! पोरीने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"लेटीबाई, रागावू नका. तुम्ही दफनभूमीत शेवटच्या कधी गेला होतात?"

तिने वॉकरकडे बोट दाखवलं. "जानेवारीत खुबा बदलला. वाकता येत नाही मला. आणि असला तुकडा आहे हे मला कळलं ते त्या मुलीचा अर्ज आला तेव्हा, याच महिन्यात." मग घोटभर चहा पिऊन म्हणाली, "तो तुकडा मलाही हवा आहे. खोटा ठरवायला का होईना, पण हातात घेऊन ठरवीन."

हे मला पटलं. खोटं बोलणारी माणसं इतकं सरळ वैर दाखवत नाहीत, उलट गोड बोलतात.

मी निघाले तर तिने मागून विचारलं, "तिथली माती उघडी होती का?"

"नाही. वेल पसरला होता. नवी पालवी होती, एक फूलसुद्धा."

"मग चोरी या आठवड्यातली नाही," लेटी म्हणाली. "जन्मभर तो वेल उपटत आलेय मी. दगड उचलला की खालची माती टक्कल पडल्यासारखी राहते. व्हिंका तिथे शिरून फुलायला महिना तरी जातो, जास्तच."

मी पायरीवरच थबकले. म्हणजे तुकडा मार्चमध्ये गेला होता, एली वारली त्या सुमारास. तेव्हा तो आहे हे लेटीला माहीतही नव्हतं. माहीत होतं ते फक्त एलीच्या घरच्यांना.

३

तरी एक माणूस उरत होता, यतीन. श्रीरंगचा शेजारी, आणि त्या डेटा सेंटरवाल्या कंपनीतला मॅनेजर. कंपनीला दफनभूमीलगतची झाडीही हवी होती. जितके वंशज कमी, तितके विरोध करणारे कमी, हे तर उघडच आहे. शिवाय एली त्याच्याच डायनिंग टेबलवर बसून आपल्या शोधाच्या गोष्टी सांगायची.

"काय रे यतीन," मी दारातच सुरुवात केली, "मार्चमध्ये कुठे होतास?"

"पुण्यात, काकू. बाबांची बायपास होती. फेब्रुवारीएंडला गेलो तो मार्च संपताना आलो. पासपोर्ट दाखवू?" तो हसला, मग गंभीर झाला. "कंपनीचं तुम्ही म्हणताय ते कळतंय मला. पण यार, एलीवहिनींनी माझ्या मुलांना सांभाळलंय. त्यांच्या वाटेत मी कशाला येईन?"

"तू आलास तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"श्रीरंगदादाच वेगळा दिसला. मी ओळखलंच नाही त्याला आधी. मिशी काढलेली. इतक्या वर्षांची मिशी!" त्याने डोकं खाजवलं. "आणि आल्या आल्या एक ऑकवर्ड काम करावं लागलं. मी आमच्या कॉलनीच्या बोर्डवर आहे ना. मार्चमध्ये दोघातिघांनी कम्प्लेंट केली होती की श्रीरंगदादा डेकवर कावळ्यांना खायला घालतो. वहिनी जाऊन महिना नाही झाला आणि मी त्याला वॉर्निंग द्यायला गेलो. लाज वाटली मला."

"असू दे रे. दुःखात माणसं काहीही करतात," मी म्हटलं आणि पुढे निघाले. कधी कधी मीही ठार बह्याडासारखी वागते.

४

श्रीरंगच्या घरात फायरप्लेसवर एलीचा कलश होता, साधा, निळसर. आणि त्याच्याकडे पाठ करून त्याची थोरली बहीण प्रतिमाताई भाजी निवडत होत्या. त्यांचा व्हिसा अडकला होता, त्यामुळे त्या मार्च सरता सरता पोचल्या.

"सुलेखा, तूच सांग," त्या मला बघताच सुरू झाल्या. "अस्थी घरात ठेवतं का कुणी? फुलदाणीसारख्या? दहावं नाही, तेरावं नाही, काही म्हणता काही केलं नाही या माणसाने! म्हणे मी मानत नाही. अरे तू मानत नसशील, पण ती बिचारी अधांतरी लटकलीये त्याचं काय? मी म्हणते, नदीत सोडा आणि मोकळं करा तिला. तर ही पोरगी म्हणते पुरायचं!"

मी त्यांना निरखून पाहिलं. दगड नाहीसा झाला तर राख पुरता येणार नाही, आणि राख पुरता आली नाही तर विसर्जन होईल. हेतू चोख होता. पण मार्चमध्ये बाई साताऱ्यात होत्या.

"ताई, या घरात आल्यापासून तुम्हाला काही विचित्र वाटलं?"

"सगळंच विचित्र आहे! रोज सकाळी कावळे येऊन डेकवर बोंबलतात, सवय लावल्यासारखे. आणि हे बघ." त्यांनी कपाट उघडून काळ्या तिळांचं पाकीट माझ्यापुढे आपटलं. "अर्धं संपलेलं. एली सॅलडवर पांढरे तीळ टाकायची. काळे कुणी खाल्ले? संक्रांतही करत नाहीत इथे."

तेवढ्यात श्रीरंग वरून आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कॉलेजात असल्यापासून हा माणूस देवाधर्माची टर उडवत आलेला. स्वतःच्या वडिलांच्या तेराव्याला हा सर्व्हर अपग्रेड करत होता, हे प्रतिमाताई अजून ऐकवतात. त्याच्या मागोमाग नैना आली.

"श्रीरंग, तो तुकडा तू कधी पाहिलास?" मी विचारलं.

"मी? छे. तिच्या त्या दगडधोंड्यांत मला कधी इंटरेस्ट नव्हता. ती बोलायची, मी हं हं करायचो." त्याचा आवाज चिरकला. "जाऊ दे ना सुलेखा. एवढासा दगड." त्याने तळवा वाटीसारखा करून दाखवला. "कुणीतरी उचलला असेल, एखाद्या पोराने वगैरे. कुठे शोधणार आता?"

"पण त्या लेटीने..." नैना चिडून म्हणाली.

"लेटीने नाही घेतला," तो चटकन म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र खटकलं. मी नैनाचा फोन मागून घेतला आणि एलीने काढलेला फोटो उघडला. दगडाने सगळा स्क्रीन व्यापला होता. शेजारी हात नाही, पट्टी नाही, काही नाही. तो केवढा आहे ते फोटोवरून कळतच नव्हतं. थडग्याची तुटलेली जागा पाटाएवढी, म्हणून मी तुकडाही पाटाएवढा धरून चालले होते. "नैना, केवढा असेल गं हा?" मी हळूच विचारलं.

"आय डोन्ट नो. लॅपटॉपएवढा?"

कधीही न पाहिलेला दगड ओंजळीत मावतो, हे श्रीरंगला कसं ठाऊक?

५

मी बाहेर येऊन गाडीत बसले. गाडी सुरू केली नाही. वाईट वाटत होतं. क्लेमच्या कामात खोटं पकडलं की मला आनंद व्हायचा, पण इथे काही आनंद झाला नाही.

काढलेली मिशी. काळे तीळ. डेकवरचे कावळे. ओंजळीएवढा दगड. अगं सुलेखे, तुझ्या बापाला अग्नी दिला तेव्हा तू मोक्षधामाच्या दारात उभी होतीस ना? एवढं डोळ्यांसमोर असून दिसू नये?

मी परत गेले आणि श्रीरंगला अंगणात बोलावलं.

"चल," मी म्हटलं, "कुठल्या पाण्यात सोडलास ते दाखव."

तो डेकच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडला. एलीच्या फ्युनरलमध्येही हा माणूस रडला नव्हता.

"कुणाला सांगू नकोस म्हणणार होतो तुला," तो थोड्या वेळाने म्हणाला. "सगळे गेले. नैनालाही मीच परत पाठवलं, नोकरी बघ म्हणून. घरात मी आणि तो डबा. मग साताऱ्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. मी, सुलेखा! ते म्हणाले, चितेजवळचा अश्मा उचललात का? म्हटलं, इथे बटन दाबतात, चिता कुठली. ते म्हणाले, मग तिचे पाय जिथे लागले असतील तिथला एखादा दगड घ्या, त्यालाच जीवखडा माना. पण दगड हवाच, जीव त्यातच राहतो दहा दिवस."

"आणि तू तिथे गेलास."

"ती कुठे बसायची ते मला माहीत होतं ना. शनिवारी मी तिला तिथे सोडायचो आणि गाडीत बसून ईमेल बघायचो. त्या थडग्याच्या पायाशी वेलात एक दगड होता, चिखलाने माखलेला. मला कुठे अक्षरं दिसतात! घेतला. रोज धुतला, तीळ-पाणी घातलं. दहाव्या दिवशी डेकवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे कठड्यावर बसलेले आणि एक पुढे येईना. मी सांगितलं, नैनाला सांभाळीन. नाही. स्वतःची औषधं घेईन. नाही. मग म्हणालो, एली, तुला तुझ्या माणसांत ठेवीन, त्या पेशन्सच्या पायाशी. आणि शिवला! लगेच शिवला!" त्याने माझा हात घट्ट धरला. "मी वचन दिलं आणि त्याच दुपारी ते वचन पाळायचा पुरावा माझ्या हाताने नदीत सोडून आलो. नैना आल्यावर तिने फोटो दाखवला तेव्हा कळलं मला. मी तिचं बोलणं एकदा जरी नीट ऐकलं असतं ना..."

"आणि लेटीवर आळ आला तरी गप्प बसलास?"

"हो." त्याने मान खाली घातली. "सांगितलं असतं तर पोरीने तो नदीतून काढला असता. जीवखडा परत काढतात का, सुलेखा? एकदा मोकळी केलेली बाई मी पुन्हा ओढून आणू? मी मानत नाही, पण मला भीती वाटते."

मागे दाराची जाळी वाजली. प्रतिमाताई उभ्या होत्या, हातात भाजीची पाटी. त्यांच्या मागे नैना. मराठी तिला तुटकं येतं, पण ऐकायला पुरेसं येतं.

६

कोण आधी ओरडेल याची मी वाट बघत होते. नैना हळू आवाजात बोलली, आणि ते जास्त लागलं.

"टेन डेज, बाबा? तू एकट्याने केलंस?"

"नैना, तो दगड..."

"आय डोन्ट केअर अबाउट द दगड! ती माझी आई होती. तू मला प्लेनमध्ये बसवलंस. मी तिकडे ऑफिसच्या बाथरूममध्ये रडत होते आणि तू इथे रोज तिला पाणी देत होतास. मला का नाही बोलावलंस?"

"तुला इंग्लिशमध्ये कसं सांगायचं ते कळेना," तो म्हणाला. "मला मराठीतही धड सांगता आलं नसतं."

नैनाने तोंड फिरवलं.

प्रतिमाताईंनी पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता तोफ सुटणार. झालंही तसंच. "मेल्या, दगड घ्यायचा तर थडग्याचा घेतलास? अक्कल गहाण टाकली होतीस का?" आणि पुढच्या क्षणी त्या भावाचं डोकं पोटाशी धरून रडत होत्या. "केलंस रे बाबा, केलंस. मी उगाच शिव्या घालत होते."

मग पदराने नाक पुसलं आणि उभ्या राहिल्या. "चला. कुठली नदी?"

"ताई, पण श्रीरंग म्हणतो जीवखडा परत..." मी चाचरले.

"शास्त्र मला शिकवू नकोस. पाण्यात सोडली ते सासरचं कर्तव्य झालं, आणि ते नीट झालं, कावळासुद्धा शिवला. आता तिला माहेरी जायचंय. लेक माहेरी निघाली की अडवायचं नसतं."

पोटोमॅकच्या काठी, जिथून श्रीरंग आणि एली आपली कयाक होडी सोडायचे, तिथे सिकामोरचं एक जुनं झाड पाण्यावर वाकलेलं आहे. वाटेत मला एकच धास्ती होती. दीड महिना होत आला, मधे पावसाने नदी फुगून गेलेली. त्याने लांब फेकला असेल तर संपलंच.

"फेकला होतास का?" मी विचारलं.

"फेकवला नाही. मुळांच्या बेचक्यात ठेवला. हात आत घालून, हळू."

तो पँट वर करून पाण्यात उतरला. पाणी बर्फासारखं. मुळांच्या खाली चाचपडला, गाळ वर आला, काही नाही. पुन्हा चाचपडला. नैना काठावर हात बांधून उभी होती. मग तिने बूट काढले, त्याच्या शेजारी उतरली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. काठावर प्रतिमाताई मुठीत तीळ घेऊन म्हणत होत्या, "नदीबाई, तुझं तुला मिळालं. आता आमची लेक आम्हाला दे गं."

"बाबा," नैना म्हणाली. "इट्स हिअर."

नारळाच्या वाटीएवढा दगड. पाण्याने चिखल धुऊन नेला होता. तिने फोनचा टॉर्च आडवा धरला. आम्ही चौघंही वाकलो. अक्षरं उमटली.

७

शनिवारी दफनभूमीत तीसेक ऑडली जमले होते, टोप्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन. लेटी सगळ्यात पुढे, हातात ईमेल. तिने वाचायला तोंड उघडलं तर श्रीरंग मध्ये जाऊन उभा राहिला.

"चोर मी आहे," तो म्हणाला. आणि सगळं सांगितलं. मिशी, तीळ, कावळे, नदी, काही गाळलं नाही. आयुष्यभर ज्याची टर उडवली ते, परक्या तीस माणसांपुढे, त्यांच्या भाषेत. दोनदा अडखळला. शेवटी म्हणाला, "माझ्या गप्प बसण्यामुळे तुमच्यावर आळ आला. माफ करा. मुलीची शिक्षा मला द्या."

नैना पुढे झाली. "मी पण सॉरी आहे, मिस ऑडली. मी विचारायला हवं होतं."

लेटीने दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "धरा मला कुणीतरी." दोघांनी धरलं, तिने खुब्याची पर्वा न करता गुडघे टेकले. तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, खोटा ठरवायला जे जे करायचं ते सगळं केलं. शेवटी तुटक्या कडेला लावला. तो बसला. वरच्या अर्धवट अक्षराचा पाय खालच्या तुकड्यावर होता, तो अचूक जुळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेटीने ईमेलची घडी करून पर्समध्ये टाकली.

"मी एलीला सहा वेळा नाही म्हटलं होतं," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "दरवेळी केक घेऊन यायची. मी तो कधी घेतला नाही." मग नैनाकडे बघून म्हणाली, "तिला आत आण, पोरी. ती आमचीच आहे, आणि मी हे तिला जिवंतपणी सांगायला हवं होतं."

एलीची राख पेशन्सच्या पायाशी गेली. मातीवर नैनाने वेल परत ओढून घेतला. प्रतिमाताईंनी डब्यातून आणलेला भाताचा मुटका दगडासमोर ठेवला. ऑडली मंडळी कौतुकाने बघत होती, डेटा सेंटर आपलं घूं घूं करत होतं. कुंपणावर एक कावळा येऊन बसला, पण खाली उतरेना.

श्रीरंगने तिळाचं पाणी नैनाच्या हातावर घातलं, ते अंगठ्याच्या बाजूने कसं सोडायचं ते दाखवलं. ती त्याच्याशी आठवडाभर धड बोलली नव्हती. आता पाणी सोडता सोडता ती कावळ्याकडे बघून, आईला सांगावं तसं म्हणाली, "बाबाला एकटं नाही सोडणार. आणि तो बोलला नाही तर मी विचारीन."

कावळा शिवला की नाही ते मला विचारू नका. नेमकी तेव्हाच मला पोलनची शिंक आली. डोळ्यांतून पाणी आलं तेही पोलनमुळेच, असं मी सगळ्यांना सांगितलंय.